जाहिरातीतली शेवटची ओळ

मंडळी, तुमच्या घरचा किंवा तुमच्या शाळेतून गेलेला एखादा मुलगा आज चाकणला, नाहीतर पिंपरीला, कारखान्याच्या फाटकाशी अर्ज घेऊन उभा असेल. मुलगीही असेल. तिच्यासाठी हे फाटक उघडले कसे, त्याची ही हकीगत.

1974 ची गोष्ट. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये टेल्कोची जाहिरात लागली. हुशार, मेहनती तरुण इंजिनियर हवेत. आणि शेवटी एक ओळ : स्त्रियांनी अर्ज करू नये. हुबळीची सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, तिथे शिकत होती. तिने रागारागाने एक पोस्टकार्ड लिहिले, तेही थेट जे. आर. डी. टाटांना! टेल्कोचा कारभार सुमंत मुळगावकर पाहतात, हे तिच्या गावीही नव्हते. बरेच झाले म्हणायचे. दहा दिवसांच्या आत तार आली : मुलाखतीला पुण्यास या, खर्च कंपनीचा. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी लगेच 30-30 रुपये तिच्या हाती ठेवले, पुण्याहून साड्या आणायला.

मुलाखतीत यंत्रांविषयीचे प्रश्न झाले, उत्तरेही नीट आली. मग एका वयस्क गृहस्थांनी समजावले, की कारखान्यात आजवर आम्ही बाई नेमलेली नाही. तुझ्यासारखीने प्रयोगशाळेत काम करावे. ते गृहस्थ काही दुष्ट नव्हते हो, आपुलकीनेच बोलत होते. पण रहाटगाडगे पाहा : बाई नाही म्हणून घ्यायची नाही, आणि घेतली नाही म्हणून बाई नाही. तिने एवढेच म्हटले, की कुठेतरी सुरुवात करायलाच हवी. तिला नोकरी मिळाली.

अशा समजुतीला पुष्कळदा नियमाचा टेकू मिळतो. 1948 च्या कारखाना कायद्यात स्त्रियांना रात्रपाळीची बंदी होती. हेतू रक्षणाचा. पण 'बाईमाणसाची अडचणच' असे म्हणायला ती सोयीची पडे. पुढे 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतही स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली. तशी ओळ छापण्याची सोय गेली.

मनातली ओळ मात्र कुणी खोडायची? आपण गडी ठेवतानासुद्धा आधी विचारतो, "कुणाचा रे तू?" काम येते का, हे मागाहून. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांचा. 2007 साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुसलमान नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. निवडणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण भेद करतो असे वाटले असेल?

म्हणून उपाय मनाला उपदेश करण्याचा नाही, कामाची रीत बदलण्याचा आहे. पहिल्या चाळणीत अर्जावरचे नाव झाकावे. प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि सगळ्यांना तेच विचारावेत. आपसात बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपापले गुण कागदावर मांडावेत. फिटर हवा असेल तर हाती कानस द्यावी आणि काम बघावे. गुरुजी, वर्गाचा मॉनिटर निवडतानाही हे करून पाहता येईल. आणि मुलीला "लग्नानंतर नोकरी करणार का?" असे विचारायचेच असेल, तर तिच्यामागे रांगेत बसलेल्या मुलालाही तेच विचारावे.