नळदुर्गचे दोन धबधबे



धबधबा ही निसर्गाची लीला, असें आपण मानतों. धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गच्या किल्ल्यांत मात्र बोरी नदीचे दोन धबधबे माणसानें योजून घडविले आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ मध्यें, मुख्य किल्ला व शेजारचें रणमंडळ यांना जोडणारा काळ्या दगडाचा बंधारा बांधण्यांत आला. अडविलेलें पाणी किल्ल्याचें रक्षण करी. पण बांधणारा तेवढ्यावर थांबला नाहीं. बंधाऱ्याच्या पोटांत त्यानें पाणीमहाल ठेवला. पावसाळ्यांत नदीला पूर आला म्हणजे ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन्ही सांडवे कोसळूं लागतात, आणि महालांत बसलेला मनुष्य पाण्याच्या पडद्याआड कोरडा राहून तो देखावा पाहतो.

पाऊस सरला कीं धार रोडावते. उन्हाळ्यांत सांडवे मुके होतात. अवर्षणाच्या सालीं तर ते वाहतही नाहींत. मग पाहुणे तिकडे फिरकत नाहींत. पण पाणी ओसरल्यावरच दगडांचे सांधे आणि पाण्याला दिलेली वाट डोळ्यांना नीट दिसते. युद्धाची गरज केव्हांच संपली. आनंद तेवढा आपल्या वांट्याला आला आहे. तो श्रावणांत अवश्य घ्यावा. परंतु एकदां वैशाखांतही तेथें जावें, आणि ज्या हातांनीं हें घडविलें त्यांचें काम निवांतपणें पाहावें.