कसोटी न खेळलेल्यांचा मान : देवधरांचे तिकीट आणि बाळूंचा प्रलंबित दावा

नाशिक रोडच्या जेल रोडवरून जाताना उंच भिंतीआड इंडिया सिक्युरिटी प्रेस दिसते. तिच्या स्थापनेपूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२६ पासून ती येथे छापली जाऊ लागली आणि १९३१ साली नवी दिल्लीच्या उद्‌घाटनानिमित्त निघालेली, भारताची पहिली स्मारक तिकिटेही याच छापखान्यातली. हॉकीपटू ध्यानचंद यांचे १९८० चे तिकीटही येथलेच. खेळाडूंसाठी भारतात संगमरवरी सभागृह उभे राहिले नाही. त्यांच्या वाट्याला आला तो दोन बोटे रुंदीचा, कडेला दाते असलेला कागद.

पण लहान दिसत असला तरी तो राष्ट्राने दिलेला मान असतो. कोणाचे चित्र छापायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. म्हणून तिकिटांच्या यादीकडे निवड म्हणून पाहता येते, आणि प्रत्येक निवडीमागे एक निकष असतो.

१९९६ चा मार्च महिना. विश्वचषक भारतीय उपखंडात सुरू होता. त्याच सुमारास टपाल खात्याने चार दिवंगत क्रिकेटपटूंची तिकिटे काढली : सी. के. नायडू, विजय मर्चंट, विनू मंकड आणि दि. ब. देवधर. पहिल्या तिघांबद्दल वाद संभवत नाही. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार, मर्चंट आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ सलामीवीर, मंकड जगातल्या मोजक्या अष्टपैलूंपैकी एक. चौथे नाव मात्र वेगळे आहे. देवधर अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळले नाहीत.

भारताने पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर खेळली, तेव्हा पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातले हे संस्कृतचे प्राध्यापक चाळिशीत पोहोचले होते. त्याआधी, १९२६ च्या डिसेंबरात, गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी भारतीय संघातर्फे १४८ धावा काढल्या होत्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यामागे त्या दौऱ्यातल्या अशा खेळींचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्यांच्या फलंदाजीने दार उघडले, ते दार उघडेपर्यंत उंबरठ्याबाहेरच राहिले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला.

तिकीट निवडणाऱ्यांनी १९९६ मध्ये एक तत्त्व नकळत मान्य केले : कसोटी ही मोठेपणाची एकमेव कसोटी नव्हे. आता हेच तत्त्व आणखी एका नावाला लावून पाहावे.

ते नाव पालवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाड. कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले; वडील पुण्यात लष्करी चाकरीत होते. बाळूंचा क्रिकेटशी पहिला संबंध खेळाडू म्हणून आला नाही, मैदानावरचा नोकर म्हणून आला. पुण्यातल्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम, मग इंग्रजांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर तेच काम. तिथे सरावासाठी साहेबांना चेंडू टाकायला माणूस लागे. डावखुऱ्या फिरकीवर असामान्य ताबा असलेला हा तरुण तासन्‌तास चेंडू टाकी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्यावर बाळूंना दर वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. ती साहेबांसाठी होती.

पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवाही होता आणि नकोही होता. मैदानावर त्यांनी टाकलेल्या चेंडूला सगळे हात लावत, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. जेवणाचे पानही निराळे. चेंडू विटाळत नाही आणि कप विटाळतो, हे तर्कशास्त्र त्या काळी कोणाला विचित्र वाटत नसावे. प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळतानाही कुरकुर झालीच. तरी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा त्या विजयाचे शिल्पकार बाळूच होते. बंधू शिवराम याच संघात होते. पुढे विठ्ठल आणि गणपतही नावारूपाला आले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ दुबळा ठरला. २३ सामन्यांपैकी जिंकले फक्त ६, हरले १५. त्या पडझडीत बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. वय तेव्हा पस्तीस.

त्यांची प्रथम श्रेणीतली एकूण नोंद ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपले हॉल ऑफ फेम २००९ मध्ये सुरू केले. त्यात बेदी, गावसकर, कपिल देव हे भारतीय पहिल्याच यादीत आले. पुढे कुंबळे, द्रविड, तेंडुलकर आणि इतरही. निकष आंतरराष्ट्रीय सामन्यांतल्या आकड्यांवर बेतलेले. गोलंदाजाकडून साधारण २०० बळींची अपेक्षा. मात्र निकष लोखंडी नाहीत. इंग्लंडचे सिडनी बार्न्स १८९ कसोटी बळींवर पहिल्याच यादीत आहेत, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या काळात कसोट्याच कमी होत.

२०२१ मध्ये परिषदेने एक पाऊल पुढे टाकले. क्रिकेटच्या इतिहासाचे पाच कालखंड पाडून प्रत्येकातून दोन खेळाडू निवडले. विनू मंकड त्याच वेळी, १९९६ च्या तिकिटानंतर २५ वर्षांनी, आत गेले. १९१८ पूर्वीच्या कालखंडातून निवड झाली ती दक्षिण आफ्रिकेचे ऑब्री फॉकनर आणि ऑस्ट्रेलियाचे माँटी नोबल यांची. दोघेही थोर. पण हा कालखंड नेमका बाळूंचा, आणि त्यात कसोटी खेळणारे देश तीनच होते. त्या तिघांबाहेरचा माणूस शोधायला या निवडीत जागाच नव्हती.

याच प्रश्नाशी अमेरिका दीर्घकाळ झगडली. बेसबॉलचे हॉल ऑफ फेम कूपर्सटाउन येथे आहे. लेखकांच्या मतदानात ७५ टक्के मते मिळाली तरच प्रवेश. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत कृष्णवर्णीयांना विसाव्या शतकात मुख्य लीगचे दार बंद होते, म्हणून ते स्वतःच्या ‘निग्रो लीग’मध्ये खेळत. ज्यांना खेळूच दिले नाही, त्यांच्या नावावर मुख्य लीगचे आकडे कुठून येणार? १९६६ मध्ये टेड विल्यम्स या गोऱ्या दिग्गजाने आपल्या सत्काराच्या भाषणातच सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेतली. १९७१ मध्ये पेज आत गेले. २००६ मध्ये विशेष समितीने त्या काळातल्या आणखी १७ जणांना घेतले, आणि २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवल्यावर फलंदाजीच्या सर्वकालीन सरासरीत गिब्सन .३७२ सह टाय कॉबच्याही वर गेले.

बाळूंचा दावा एका बाबतीत त्यांच्याहून सोपा आहे. त्यांचे आकडे वेगळ्या वहीत नाहीत. प्रथम श्रेणीच्या मान्य नोंदींतच आहेत.

विरुद्ध बाजूलाही वजन आहे, ते लपवण्याचे कारण नाही. ३३ सामने फार नाहीत. समोर बहुतेक वेळा मुंबईचेच युरोपियन आणि पारशी असत. उघड्या, पावसाने भिजणाऱ्या खेळपट्ट्या फिरकीला साथ देत. त्या काळातल्या सरासऱ्या आजच्या मापाने वाचता येत नाहीत. आणि एकदा कसोटीची अट सोडली, तर रांग कोठे थांबवायची? ५८९ बळी घेऊनही बेदींच्या काळात जन्मल्यामुळे कसोटी टोपी न मिळालेले मुंबईचे पद्माकर शिवलकर त्या रांगेत उभे आहेत, हरियाणाचे राजिंदर गोयल आहेत. भारतीय नियामक मंडळाने या दोघांना २०१७ मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.

परंतु शिवलकर आणि बाळू यांच्यात एक फरक आहे. शिवलकरांना निवडकर्त्यांनी वगळले, म्हणजे ते निवडीच्या कक्षेत होते. बाळू प्रथम श्रेणीत आले तेव्हाच एकोणतीस वर्षांचे होते. त्याआधीची, हात आणि खांदा सर्वांत ताजे असतानाची बरीच वर्षे पूना क्लबच्या जाळ्यात, साहेबांच्या सरावात खर्ची पडली. ते बळी कोणत्याच धावपुस्तिकेत नाहीत. त्यांची सरासरी १५.२१ आहे ती उरलेल्या आयुष्याची.

त्यांची आठवण पुसट होण्याला राजकारणही कारणीभूत आहे. तरुण आंबेडकरांच्या पिढीला बाळू हे अभिमानाचे स्थान होते. पण नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या वतीने ते मुंबईत बाबासाहेबांच्याच विरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्यानंतर त्यांना आपले म्हणून मिरवणारा मोठा गट कुठल्याच बाजूला उरला नाही. हॉल ऑफ फेमच्या दारावर थाप मारायला आकड्यांइतकाच पाठीशी समाज लागतो, ही गोष्ट कूपर्सटाउनच्या वादातही वारंवार दिसली. बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले.

देवधर आणि बाळू यांची नावे इतिहासात एकदा ठळकपणे जवळ आली, ती १९२० च्या चौरंगी स्पर्धेत. बाळूंना संघातून वगळले होते. कर्णधार एम. डी. पै आजारी पडले, आणि पहिल्या सामन्याचे नेतृत्व विठ्ठल पालवणकरांना डावलून तरुण देवधरांकडे गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी कारण जाहीर करून संघातून अंग काढून घेतले. प्रकरण वृत्तपत्रांत गाजले. अखेर अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले गेले. त्यांना कर्णधारपद कधीच दिले गेले नव्हते, आणि याची खंत खुद्द पैंनी १९१३ मध्येच बोलून दाखवली होती. त्या सामन्यात पै काही काळ मैदान सोडून तंबूत गेले, आणि तेवढा वेळ चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी क्षेत्ररक्षण लावले. धावफलकावर कर्णधार म्हणून नाव पैंचेच राहिले.