जेऊर, तळणी, लक्सर

व्हिएतनामहून परत आलो तेव्हा माझ्या कार्डात दोन हजारांवर फोटो होते. धुक्यातल्या होड्या, पहाटेचा बाजार, भाताची खाचरं. मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन अर्धा तास बघत बसली. मग म्हणाली, "पप्पा, यात आपण कुठंय?"

खरंच नव्हतो. एका फोटोत बायकोची पाठ होती, तीही उंची समजावी म्हणून मीच तिला तिथं उभं केलं होतं. दुसऱ्यात मुलगी पेंगत होती, कारण मी सगळ्यांना चार वाजता उठवलं होतं.

आमच्या घरातली सहल उजेडावरून ठरते, हे मी कबूल करतो. कुठल्या महिन्यात सूर्य कुठं उगवतो, धुकं कधी असतं, हे आधी. हॉटेल, जेवण, खरेदी नंतर. हिंगोलीत राहून असा छंद करणारा मी एकटाच वेडा असेन असं वाटायचं. मग पुढच्या सहलीची तयारी करताना जुनी कागदपत्रं वाचायला लागलो आणि कळलं की फोटोसाठी बायकोला घेऊन सातासमुद्रापार जाणारे लोक सव्वाशे वर्षांपूर्वी होते. आणि त्यांचं परदेश म्हणजे आपणच होतो.

पुढची सहल म्हणजे इजिप्त. सोमवार, २ ऑगस्ट २०२७ ला लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास पूर्ण झाकला जाणार आहे. खग्रास ग्रहणाला हा वेळ म्हणजे चैन. १२ ऑगस्ट २०२६ चं स्पेनचं ग्रहण आम्ही आधीच वगळलं. ते दोन मिनिटांच्या आतलं, तेही मावळतीला टेकलेल्या सूर्याचं. भारतात पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, तेही पार वर लडाखच्या बाजूला. तोवर आईच्या गुडघ्यांचं काय होईल सांगता येत नाही.

शिवाय २००९ चा हिशोब बाकी आहे. लग्नाला वर्ष झालेलं. २२ जुलैच्या ग्रहणासाठी बायकोला घेऊन सुरतला गेलो होतो. ढग. सकाळी काही मिनिटं अंधार पडला, कावळे ओरडले, परत उजाडलं, आणि माझ्या कॅमेऱ्यात राखाडी रंगाच्या चौकोनापलीकडं काही आलं नाही. "हनिमून तो हाच का," असं तिनं एकदाच विचारलं. परत कधी विचारलं नाही, त्यामुळं जास्त लागतं.

आता नकाशा. फोनवर उघडा. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं जेऊर शोधा, मग वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव. दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ ओढा. ती सेनगाव आणि हिंगोलीच्या मधून जाते. शनिवार, २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी चंद्राची सावली याच रस्त्यानं गेली. कोकणात विजयदुर्गाजवळ ती जमिनीवर आली, तिथून जेऊर, आपला भाग, पुलगाव, नागपूर, शहडोल, बक्सर अशी तिरकी वर सरकली. आज मी जिथं बसून लिहितोय, तिथं त्या दुपारी दोनेक मिनिटं तारे दिसले असणार.

पण दुर्बिणी इथं आल्या नाहीत. कारण अगदी साधं आहे, रेल्वे. जेऊर पुणे-सोलापूर मार्गावर. पुलगाव आणि त्याच्या शेजारचं तळणी हे मुंबई-नागपूर मार्गावर. विजयदुर्गाला जहाज लागायचं. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, छावणीचं गाव. इथं गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले होते, पण रूळ नव्हते. अकोल्याहून बैलगाडीनं काचेच्या प्लेटा आणणार कोण? गेल्या काही वर्षांत जनशताब्दी हिंगोलीहून थेट मुंबईला जायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं. सव्वाशे वर्षं उशीर झाला, बाबा.

जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल आले होते. बरोबर पत्नी एलिझाबेथ. त्यांचा कॅमेरा चाळीस फुटांचा: भिंग उंचावर, काचेची प्लेट खाली, मध्ये उतरती लांबलचक नळी, आणि सूर्य सरकेल तशी प्लेट सरकवायची. प्लेटवर सूर्य किती मोठा येतो याचं गणित सोपं आहे, भिंगाच्या लांबीला साधारण १०८ नं भागायचं. चाळीस फुटांना तो साडेचार इंचांच्या आसपास येतो, म्हणजे छोट्या पुरीएवढा. माझ्या ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर साडेपाच मिलिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. तुमच्या फोनवर? टाचणीचं टोकही मोठं म्हणावं लागेल. म्हणून फोनवर सूर्याचा नुसता पांढरा डाग येतो. चूक तुमची नसते.

त्याच जेऊरला पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभी केली होती. एका भारतीयानं नेतृत्व केलेली ग्रहणाची मोहीम, सोलापूरच्या माळावर, १८९८ साली. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे मला कुठं भेटलं नाही. त्याऐवजी विजयदुर्गावर हेलियम सापडला, ही गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक असते. दर १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिनही होतो. घोळ असा आहे की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात ती पिवळी रेषा पाहणारे फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडात. त्यांनी तीच रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवायच पाहिली. लॉकयर विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, याच १८९८ च्या ग्रहणाला. तिथले 'साहेबाचे ओटे' त्या वेळचे. किल्ला बघायला जरूर जा, फक्त साल नीट लक्षात ठेवा.

माझा जीव मात्र अडकला तळणीत. अमरावती जिल्ह्यातलं लहानसं स्टेशन. तिथं ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली. १८९० साली स्थापन झालेली ही हौशी लोकांची संस्था, आणि बायकांना सभासदत्व देणारी, हे त्या काळात विशेष. त्यांच्यात एडवर्ड वॉल्टर माँडर आणि त्यांची पत्नी अ‍ॅनी होते. अ‍ॅनी ग्रिनिच वेधशाळेत 'लेडी कॉम्प्युटर' होती. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा हिशोब करणारं माणूस. १८९५ मध्ये तिनं तिथल्याच माँडरशी लग्न केलं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईनं नोकरी करायची नाही असा नियम. नवरा मात्र खुर्चीवर कायम. पुढच्याच वर्षी दोघं ग्रहणाला नॉर्वेत वाड्सोला गेले. ढग. हे वाचलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं. "आपल्यासारखंच," मी म्हणालो. ती म्हणाली, "त्यात तिला फोटो काढायला मिळणार होता ना? मग आपल्यासारखं कसं?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तर अ‍ॅनी. तिनं तिच्या गर्टन कॉलेजकडून संशोधनासाठी मिळालेल्या पैशांतून स्वतःच्या डोक्यानं एक कॅमेरा बनवून घेतला. भिंग दीड इंचाचं, लांबी नऊ इंच. वरच्या गणितानं त्यावर सूर्य आला दोन मिलिमीटरचा. जेऊरच्या पुरीसमोर मोहरीचा दाणा. पण तिला सूर्य नकोच होता. खग्रासात काळ्या चकतीभोवती जो प्रभामंडळ दिसतो, त्याला कोरोना म्हणतात, आणि त्याचे किरण दूरवर फिकट होत जातात. मोठ्या नळीत ते फ्रेमबाहेर जातात आणि पसरून आणखी फिके पडतात. लहान लांबीच्या, रुंद नजरेच्या भिंगात फिका उजेड एकवटतो. आपण झूम करत सुटतो तिथं ती मागं सरकली. त्या दुपारी आकाश स्वच्छ होतं, आणि तिच्या प्लेटवर कोरोनाचा जो किरण आला तो तोवर कुणाच्याही फोटोत आलेल्या किरणांपेक्षा लांब होता. सूर्याच्या रुंदीच्या कितीतरी पट दूर गेलेला. तोही तळणीत.

रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १८९२ मध्ये तिला सभासद करायला नकार दिला होता. बायकांना दार उघडलं ते १९१६ मध्ये, तेव्हा तिची निवड झाली. तळणीच्या फोटोनंतर अठरा वर्षं.

याच ग्रहणासाठी नेव्हिल मॅस्केलिन नावाचा जादूगारही भारतात आला होता, चलतचित्राचा कॅमेरा घेऊन. त्यानं ग्रहण चित्रित केलं आणि परतीच्या प्रवासात फिल्मचा डबाच चोरीला गेला. जादूगाराची वस्तू गायब! बॅकअप घ्यायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. १९०० मध्ये तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात परत ग्रहणाला गेला. ती फिल्म उरली आहे, नेटवर पाहायला मिळते.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत राहते. ज्या जानेवारीत ही मंडळी आपल्या स्वच्छ आकाशाची वाहवा करत होती, त्याच्या आधीच्या वर्षी या भागानं दुष्काळ काढला होता. मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता. रँडचा खून होऊन सात महिने झाले होते. पाहुण्यांना दिसलं ते निरभ्र आभाळ. मीही व्हिएतनाममध्ये खाचरात वाकलेल्या बाईचा फोटो काढला तेव्हा मला दिसलं ते तिच्या टोपीवरचं ऊन. तिचं नाव विचारलं नाही.

आता आमचा प्रश्न. पैसे आहेत वसमतकडच्या दोन एकर हळदीत. भाव चांगला लागला तर चौघं, पडला तर मी एकटा, असं मी आधी ठरवलं होतं. तळणी वाचल्यावर ते मोडलं. भाव पडला तर कुणीच नाही. एलिझाबेथ कॅम्पबेल १८९८ च्या भारतापासून १९२२ च्या ऑस्ट्रेलियापर्यंत नवऱ्याबरोबर ग्रहणांना गेली, नुसती सामानासारखी नाही. त्या छावण्यांत माणसांना कामं वाटून दिलेली असत: कुणी सेकंद मोजायचे, कुणी प्लेट बदलायची, कुणी झाकण काढायचं. कामाविना उभ्या माणसाला दोन मिनिटंही लांब वाटतात, हे मला घरी कळायला दोन सहली लागल्या.

म्हणून कामं वाटली. मुलीचं घड्याळ. ती सेकंद मोठ्यानं मोजणार, आणि पूर्ण झाकल्यावर फिल्टर काढ, सूर्य परत डोकावायच्या आधी लाव, हे ओरडून सांगणार, कारण मी विसरणार. बायकोला रुंद भिंग. अ‍ॅनीचं काम. मी ६०० मिलिमीटरवर. "म्हणजे मोठं खेळणं तुम्हालाच," ती म्हणाली, पण भिंगं बाहेर काढून तपासायला बसली. लेन्सच्या नंबरांसकट कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं हे तिनंच काढलं, म्हणजे परत येताना ही बाहेरून विकत आणली का असं कुणी विचारायला नको. आणि शेवटचं एक मिनिट कॅमेरे आपापले चालू ठेवून सगळ्यांनी एका फ्रेममध्ये उभं राहायचं, ही मुलीची अट. मान्य केली. नाइलाजानं का होईना.

राहिली आई. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात मी तिच्या पोटात होतो. पूर्ण ग्रहण दक्षिणेला, कर्नाटक-तेलंगणातून गेलं. आपल्याकडं सूर्याचा बराच भाग झाकला. आजीनं तिला दारं-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसवलं होतं. विळी-सुरीला हात लावायचा नाही, पाणी प्यायचं नाही, हलायचं नाही. बाहेर "दे दान सुटे गिराण" ऐकू येत होतं, एवढंच तिला आठवतं. दारं लावूनसुद्धा मी असा निघालो, हे तिचं दुःख वेगळं.

तिला तारीख सांगितली. तिनं कॅलेंडर बघितलं नाही, मनातच हिशोब केला.

"आखाडातली आवस हाय ती. दिव्याची आवस."

मी नंतर पडताळलं. आषाढ अमावास्या. घरातले दिवे घासूनपुसून पूजा करायचा दिवस.

"मग येणार ना, माय?"

ती बराच वेळ वाती वळत राहिली. लक्सरच्या ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी एकच्या सुमाराला उघड्यावर उभं राहावं लागेल, हे सगळं मी सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं.

"येते. पर गिऱ्हान सुटल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब घेनार न्हाई. आन् सुटलं की आंघूळ पायजे." मग थांबून म्हणाली, "तितली ती नदी हाय म्हन्तोस, तिला घाट हाय का?"

मुलगी फोनवर लक्सरचा नकाशा मोठा करून नाईलचा काठ शोधते आहे.