उघड्यावरचा क्रूस आणि सागाचा गाभा

वाटेच्या वळणावर वा विहिरीपाशी उभा असलेला लाकडी क्रूस म्हणजे आपल्या पूर्वजांनी लावलेली जाहीर पाटीच होय. येथे ख्रिस्तजन वसतात, हे तो वाटसरूला सांगतो. आज असे क्रूस एकामागून एक काढले जात आहेत आणि त्यांच्या जागी सिमेंटचे व संगमरवरी क्रूस येत आहेत. 'लाकूड पावसात टिकत नाही' हे कारण सर्वत्र सांगितले जाते. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

कराराच्या कोशासाठी बाभळीचे लाकूड घ्यावे आणि नोहाचे तारू आतून-बाहेरून डांबराने माखावे, असे पवित्र शास्त्रात सांगितले आहे. सिनायच्या ओसाड प्रदेशात बाभळीसारखे दुसरे टिकाऊ लाकूड मिळणेही कठीणच! आपल्या किनाऱ्यावर तो मान सागाला लाभला. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीत वसईस जहाजे बांधली जात. पुढे १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि येथील गोदीतून सागाची जहाजे समुद्रात उतरू लागली. त्याच गोदीत १८१७ मध्ये बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. दोनशे वर्षांनंतर जहाज तरते, मग आपला क्रूस का कुजावा?

उत्तर गाभ्यात आहे. सागाच्या तपकिरी गाभ्यातील तेलकट द्रव्ये वाळवीला व बुरशीला दूर ठेवतात. सालीलगतच्या फिकट भागात ते बळ नसते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या कोवळ्या लाकडात हाच भाग अधिक असतो. शिवाय लाकूड पाणी पिते ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून. खांब सरळ मातीत रोवला तर जमिनीलगत, जेथे ओल आणि हवा एकत्र येतात, तेथे तो प्रथम कुजतो. जुना क्रूस दगडी चौथऱ्यावर बसविण्यात शोभेइतकेच शहाणपणही होते.

लेपाचेही तसेच. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला आणि त्याच्या टरफलांचे डिंबेल कोकणात होड्यांना लागू लागले. तेल लाकडात मुरते. रंगाचा जाड थर मात्र वरच राहतो, तडकतो, आणि आत शिरलेले पाणी कोंडून ठेवतो. हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या धर्मग्रामातील एका जुन्या क्रुसाला आम्हीच मोठ्या हौसेने तैलरंगाचे तीन हात दिले होते. चौथ्या पावसाळ्यात त्याचा पाया हाताने चुरगळू लागला. सुताराने कुजलेला दीड हात भाग कापला, तेव्हा वरचा गाभा कणखर निघाला. गावकऱ्यांनी नव्या क्रुसासाठी वर्गणी जमविली होती. तिच्यातून काळ्या दगडाचा चौथरा बांधला. क्रूस थोडा ठेंगणा झाला आहे. दर वैशाखात, लाकूड पुरते सुकले की, त्याला जवसाचे तेल चोळतो, टोकांना दोनदा.