चित्र पाहणाऱ्याचे लेखन

चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात काय घडले, हे लिहून ठेवण्याची युरोपातील प्रथा तशी अलीकडची आहे. चित्रे चर्चमध्ये आणि राजवाड्यांत शेकडो वर्षे होती. पण पाहणाऱ्याला स्वतःचे असे काही म्हणायचे असेल, ही कल्पना बराच काळ कोणाला सुचली नाही. दुच्चोने रंगवलेला ‘माएस्ता’ हा भव्य वेदीफलक ९ जून १३११ रोजी सिएनाच्या कॅथीड्रलमध्ये नेण्यात आला. त्या दिवसाची हकीकत एका अनाम बखरकाराने लिहून ठेवली आहे. दुकाने बंद होती, घंटा वाजत होत्या, बिशप, पाद्री, नगराचे कारभारी आणि त्यांच्यामागून बायकामुले चालत होती, गोरगरिबांना दान दिले जात होते. मिरवणूक डोळ्यांपुढे उभी राहते. मेरीचा झगा, मागची सोनेरी भूमी, तिची नजर यांविषयी मात्र जवळजवळ काहीच नाही. सिएनाच्या लोकांच्या लेखी ती नगराचे रक्षण करणारी माता होती, आणि मातेविषयी अभिप्राय द्यायचा नसतो.

याच्या कितीतरी आधी एक वेगळा प्रयत्न झाला होता. इ.स. तिसऱ्या शतकात ग्रीक वक्ता फिलोस्ट्रेटस याने नेपल्समधल्या एका चित्रदालनाचे वर्णन लिहिले. यजमानाच्या दहा वर्षांच्या मुलाला तो साठहून अधिक चित्रे एकेक करून समजावून सांगतो: हा आवाज ऐक, ही फळे चाखून बघ, हा घोडा आता उधळणार. हे दालन खरोखर होते की वक्त्याने रचले होते, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. चित्र असो वा नसो, वाचणाऱ्याला ते दिसले पाहिजे एवढी एकच अट त्या लेखनाला होती, आणि पुढच्या पंधरा शतकांत हीच अट पुन्हा पुन्हा समोर आली. चित्रावरचे उत्तम लेखन बहुतेक वेळा अशा वाचकासाठी झाले, ज्याला ते चित्र पाहायला मिळणार नव्हते.

जॉर्जो व्हासारीचे उदाहरण यात सर्वांत विलक्षण आहे. इटालियन कलावंतांच्या चरित्रांचा त्याचा ग्रंथ १५५० मध्ये निघाला. त्यात लिओनार्दोच्या मोनालिसाचे भरभरून वर्णन आहे: डोळ्यांतला ओलसरपणा, ओठांची लाली, गळ्याच्या खळगीत उडणारी नाडी, आणि भुवयांचा एकेक केस कुठे दाट, कुठे विरळ उगवतो त्याची बारीक नोंद. व्हासारीने हे चित्र कधी पाहिलेच नव्हते. लिओनार्दो फ्रान्सला गेला तेव्हा ते त्याच्यासोबत गेले आणि तिथेच राहिले. आज त्या चेहऱ्यावर भुवया दिसत नाहीत. तरीही हे वर्णन खोटे म्हणून बाजूला टाकणे अन्यायाचे ठरेल. रंगवलेल्या कातडीखाली नाडी उडते असे वाटणे ही पाहणाऱ्याच्या बाजूने बोललेली गोष्ट आहे. ऐकीव माहितीवर लिहिताना का होईना, व्हासारीने ती भाषेत आणली.

सामान्य माणसाला चित्रापुढे उभे राहून बोलण्याची जागा मिळाली ती पॅरिसमध्ये. तिथल्या राजाश्रित चित्रकार अकादमीने आपल्या सदस्यांचे पहिले प्रदर्शन १६६७ मध्ये भरवले. १७३७ पासून ही प्रदर्शने लूव्ह्र राजवाड्यातील ‘सलों कारे’ या चौकोनी दालनात नियमित होऊ लागली आणि दालनाच्या नावावरून त्यांना ‘सलों’ म्हणू लागले. प्रवेशाला पैसे पडत नसत. सरदार, वकील, दुकानदार, मोलकरणी सगळे एकाच भिंतीपुढे गर्दी करत. चित्रे जमिनीपासून छतापर्यंत एकमेकांना खेटून टांगलेली असत. १७४७ मध्ये ला फों द सेंत-येन याने एक पुस्तिका काढून, ज्याने स्वतः कधी कुंचला धरला नाही त्यालाही चित्राविषयी मत असू शकते, असे ठामपणे मांडले. चित्रकार चिडले. पण पुस्तिका निघत राहिल्या, त्यांतल्या अनेक निनावी, काही नुसत्या टवाळखोर.

या गर्दीत १७५९ मध्ये दनी दिदरो वही घेऊन शिरला. विश्वकोशाच्या कामात तो बुडालेला होता. मित्र फ्रीडरिख मेल्खिओर ग्रिम याच्या आग्रहावरून त्याने सलोंचा वृत्तांत लिहायला घेतला आणि १७८१ पर्यंत एकूण नऊ सलोंविषयी लिहिले. ग्रिम एक हस्तलिखित नियतकालिक चालवत असे. ते छापले जात नसल्यामुळे पॅरिसच्या सेन्सॉरच्या हाती लागत नसे. नक्कलकारांनी लिहिलेल्या त्याच्या प्रती युरोपभरच्या मोजक्या दरबारांत जात. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन त्या वाचकांपैकी एक होती. पीटर्सबर्गमध्ये बसलेल्या बाईला पॅरिसच्या भिंतीवरचे चित्र दाखवायचे होते, आणि तेही सोबत एकही आकृती न देता. मूर्ती डावीकडे की उजवीकडे, प्रकाश कुठून येतो, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, हे सगळे शब्दांतच सांगणे दिदरोला भाग होते. त्याची शैली या अडचणीतूनच तयार झाली.

१७६५ च्या सलोंमध्ये ग्रझचे एक लंबगोल चित्र होते: मेलेल्या पाखराच्या पिंजऱ्यावर हात टेकून, तळहातात चेहरा धरून बसलेली मुलगी. दिदरोने आधी तिची बसण्याची ढब, बोटे, गळ्यावरचा रुमाल यांचे वर्णन केले. मग तो सरळ त्या मुलीशीच बोलू लागला. हळूहळू, समजूत घालत, तो तिच्याकडून काढून घेतो की हे रडणे पाखरासाठी नाही. सकाळी आई घरी नव्हती, कोणी एक तरुण आला होता, आणि तो गेल्यावर दाणापाणी द्यायचे राहून गेले. यातले काहीही कॅनव्हासवर नाही. आजच्या वाचकाला या संवादातला वडीलधारा सूर अवघड वाटतो, आणि तो तसा वाटायलाही हवा. कारण दिदरो त्या मुलीच्या दुःखाला आपली गोष्ट चिकटवतो आहे. पण पाहणारा चित्रात शिरून बोलतो आणि चित्र उत्तर देते, ही रीत चित्रावरच्या लेखनात इतक्या मोकळेपणाने त्याच्याआधी कोणी वापरली नव्हती.

दोन वर्षांनी त्याने याहून धाडस केले. व्हेर्नेच्या निसर्गदृश्यांची पाळी आली तेव्हा त्याने लिहिले की आपल्याला आता समुद्राकाठच्या एका गावी जावे लागत आहे, चित्रांविषयी नंतर. मग एका पाद्रीसोबत डोंगर चढणे, धबधब्याजवळ थांबणे, कोळ्यांची जाळी पाहणे, निसर्ग श्रेष्ठ की चित्रकार यावर वाद घालणे असे पानामागून पान जाते. सफर संपत आल्यावर वाचकाला कळते की गाव, डोंगर, समुद्र ही सगळी व्हेर्नेची चित्रे होती आणि दिदरो त्या दालनातून हललाच नव्हता.

शार्दंपुढे मात्र त्याची गोष्टी रचण्याची शक्ती थांबते, आणि इथेच तो सर्वांत मोठा पाहणारा ठरतो. शार्दंच्या वस्तुचित्रांत कथानक नसते. ऑलिव्हची बरणी, बिस्किटे, संत्रे, वाइनचे दोन पेले एवढेच. १७६३ मध्ये दिदरोने लिहिले ते अंतराविषयी: जवळ गेले की सगळे धूसर होऊन पुसट रंगांचे थर तेवढे उरतात, मागे सरकले की वस्तू पुन्हा घडतात. पाहणाऱ्याने पावले मागेपुढे टाकल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही, हे त्याने रंगलेपांच्या भाषेत नोंदवले. बुशेच्या गुलाबी देवतांवर त्याने केलेली टीका अधिक प्रसिद्ध आहे, पण शार्दंवरची ही टिपणे तिच्याहून मोलाची आहेत. दिदरो १७८४ मध्ये वारला तोवर हे लेखन छापले गेले नव्हते.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९३ मध्ये, लूव्ह्र हे सार्वजनिक संग्रहालय झाले. वेगवेगळ्या शतकांची चित्रे आता एका फेरफटक्यात दिसू लागली आणि चित्रे पाहायला देशोदेशी जाणारा प्रवासी हा नवा लेखक पुढे आला. स्तांदालच्या इटलीच्या प्रवासवर्णनात फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधला प्रसंग आहे: व्होल्तेरानोने रंगवलेल्या भविष्यवादिनी पाहून बाहेर पडताना त्याच्या छातीत धडधडू लागले आणि चालताना आपण कोसळू असे त्याला वाटले. त्याच चर्चमध्ये जोत्तोची भित्तिचित्रे होती, पण तेव्हा ती चुन्याखाली गाडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती पुन्हा उघडी झाली. आज लोक जोत्तोसाठी तिथे जातात आणि व्होल्तेरानोकडे फारसे कोणी मान वर करून पाहत नाही. डोळ्यांना काय भिडेल हे चुन्याच्या थरावर आणि काळाच्या आवडीवरही ठरते.

दोस्तोयव्हस्कीचा अनुभव याहून गंभीर होता. १८६७ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हाला जाताना तो पत्नी अ‍ॅनासह बाझेलला थांबला आणि तिथल्या संग्रहालयात होल्बाइनचे १५२१-२२ मधले मृत ख्रिस्ताचे चित्र त्याने पाहिले. सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि २ मीटर लांब अशी ही शवपेटीएवढी पट्टी. तीत उघड्या डोळ्यांचे, हिरवट पडू लागलेले प्रेत. अ‍ॅनाला ते पाहवेना, ती पुढच्या दालनांत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी परतली तेव्हा नवरा तिथेच खिळून उभा होता, आणि अपस्माराचा झटका येण्याआधीची भीती त्याच्या चेहऱ्यावर तिने ओळखली. तिने त्याला हाताला धरून बाकावर नेऊन बसवले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘इडियट’ कादंबरीत या चित्राची प्रत रोगोझिनच्या घरातल्या दारावर टांगलेली आहे, आणि असे प्रेत पाहिलेल्या शिष्यांनी पुनरुत्थानावर विश्वास कसा ठेवला, हा प्रश्न त्या कादंबरीतून हलत नाही. एका चित्राला मिळालेला इतका खोल प्रतिसाद क्वचितच सापडतो.

याच सुमारास पॅरिसमध्ये गोष्ट शोधण्याच्या सवयीलाच आव्हान मिळाले. १८६५ च्या सलोंमध्ये मानेचे ‘ऑलिंपिया’ लागले तेव्हा लोक इतके खवळले की चित्राला पहारा बसवावा लागला आणि शेवटी ते एका दारावर उंच हलवण्यात आले. दोन वर्षांनी एमिल झोलाने मानेची बाजू घेताना सांगितले की काळी मांजर, फुलांचा गुच्छ यांत अर्थ शोधू नका. चित्रकाराला तिथे काळा आणि इथे उजळ ठिपका हवा होता. इंग्लंडमध्ये वॉल्टर पेटरने १८६९ मध्ये नेमके उलटे केले. मोनालिसाच्या चेहऱ्यात त्याने मानवी इतिहासाचे सारे अनुभव साठलेले पाहिले. त्या गद्याची मोहिनी अशी की कवी येट्सने १९३६ मध्ये संपादित केलेल्या आधुनिक इंग्रजी कवितांच्या संग्रहात तो उतारा ओळी तोडून पहिली कविता म्हणून छापला.

एव्हाना छायाचित्रे आली होती. फ्लॉरेन्सच्या आलिनारी बंधूंसारखे व्यावसायिक १८५० च्या दशकापासून जुन्या चित्रांची छायाचित्रे विकत होते. कोण कुठे बसले आहे हे सांगण्याचे लेखकाचे काम त्यांनी काढून घेतले. पण छायाचित्र काळे-पांढरे होते. रंग अजून शब्दांकडेच राहिला होता.

ऑक्टोबर १९०७ मध्ये पॅरिसच्या शरद प्रदर्शनात, आदल्या वर्षी वारलेल्या सेझानची चित्रे मांडली गेली, आणि कवी रिल्के तिथे जवळजवळ रोज जाऊ लागला. दूर राहणारी त्याची पत्नी क्लारा शिल्पकार होती. पाहिलेले तो तिला पत्रांतून कळवत असे. सुरुवातीला त्याला फारसे दिसले नाही, आणि तसे त्याने मोकळेपणाने लिहिले. योग्य डोळे यायला वेळ लागतो, असे त्याचे म्हणणे होते. सोबत आलेल्या एका चित्रकर्तीने त्याला सांगितले की सेझान विषयापुढे कुत्र्यासारखा बसून नुसता पाहत असला पाहिजे, कसलीही चुळबूळ न करता. हे निरीक्षण रिल्केला इतके पटले की पुढच्या पत्रांतून भावनांची भाषा मागे पडली. २२ ऑक्टोबरला, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, त्याने लाल खुर्चीतल्या सेझानच्या पत्नीचे चित्र आठवून लिहिले: खुर्चीचा लाल, झग्यावरचे हिरवट-पिवळे पट्टे, भिंतीवरची निळी नक्षी, आणि यांतला एक रंग बदलला तर बाकीच्यांचा तोल कसा जाईल. परतीच्या वाटेवरच एखादी जांभळी किंवा हिरवी छटा पुन्हा तपासायला जावेसे वाटते, असेही त्याने कबूल केले. ते चित्र आता बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. क्लाराने ही पत्रे १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा रंगीत छपाई सर्वत्र पोहोचली होती आणि वाचक त्या खुर्चीचा लाल रंग स्वतः पाहून पडताळू शकत होता.