‘या वेळचा पेपर टफ होता’ हे सिद्ध कसं करायचं? सीए परीक्षेच्या इतिहासातून एक धडा



सीए करणारी मुलं वर्ष सांगत नाहीत, अटेम्प्ट सांगतात. ‘माझा नोव्हेंबर २३ चा अटेम्प्ट होता.’ पुढचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ‘तेव्हा पेपर फार टफ होता.’ घरच्यांना ती सबब वाटते. आज आपण हेच वाक्य संशोधनाचा प्रश्न म्हणून घेऊ. एका अटेम्प्टचा पेपर दुसऱ्यापेक्षा अवघड होता, हे कळतं कसं? आणि परीक्षा घेणाऱ्यांनी हा प्रश्न कसा हाताळला?

आधी आकडे बघू. नोव्हेंबर २०२३ मध्ये सीए फायनलच्या दोन्ही ग्रुपना मिळून ३२,९०७ जण बसले आणि ३,०९९ पास झाले, म्हणजे ९.४२ टक्के. पुढच्याच अटेम्प्टला, मे २०२४ मध्ये, ३५,८१९ पैकी ७,१२२ पास झाले, म्हणजे १९.८८ टक्के. सहा महिन्यांत निकाल दुप्पट! मग नोव्हेंबरचा पेपर अवघड होता, हे सिद्ध झालं का?

नाही झालं. एक तर मे २०२४ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि फायनलचे पेपर ८ वरून ६ झाले. पण समजा अभ्यासक्रम तोच राहिला असता, तरी अडचण सुटत नाही. निकालाची टक्केवारी दोन गोष्टींवर ठरते: पेपर किती अवघड आणि बसलेली मुलं किती तयार. आपल्या हातात मात्र आकडा एकच. शाळेतल्या बीजगणितात शिकलो तेच इथे लागू आहे: अज्ञात दोन आणि समीकरण एक असेल, तर उत्तर निघत नाही. शिवाय या टक्केवारीत पहिल्यांदा बसलेला आणि पाचव्यांदा बसलेला एकत्रच मोजलेला असतो.

आता थोडं मागे जाऊ. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्यांना सरकारी प्रमाणपत्र आवश्यक केलं. त्यानंतर १९१८ मध्ये मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू केला. त्यात परीक्षा होती आणि जाणत्या अकाउंटंटच्या हाताखाली उमेदवारी होती. आजच्या आर्टिकलशिपचं मूळ तिथपर्यंत जातं. १९३२ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी नियम केले आणि ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ ही ओळख आली. पुढे १ जुलै १९४९ रोजी आयसीएआय ही संस्था स्थापन झाली.

सीएचा पास होण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो: प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० टक्के आणि ग्रुपच्या एकूण बेरजेत ५० टक्के. रेघ ठरलेली आहे, ती हलत नाही. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. पण यात एक गृहीतक लपलेलं आहे: प्रत्येक अटेम्प्टचे ४० गुण सारख्याच वजनाचे असतात. एक्झम्प्शनमध्ये हे गृहीतक उघडं दिसतं. ग्रुप राहिला, पण एखाद्या पेपरमध्ये ६० टक्के मिळाले, तर पुढच्या तीन अटेम्प्टसाठी त्या पेपरमधून सूट मिळायची. म्हणजे जुन्या पेपरचे गुण नव्या पेपरांच्या गुणांत मिळवायचे. फुटपट्ट्या दोन आणि बेरीज एक!

हे नियम करणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. चार्टर्ड अकाउंटंट्स रेग्युलेशन्स, १९८८ मधल्या ३९(२) या नियमानुसार कौन्सिल एखाद्या पेपरचे किंवा एकूण गुण सगळ्यांसाठी किंवा काहींसाठी बदलू शकते. पण ते कोणत्या निकषावर? नोव्हेंबर २००७ च्या फायनलमध्ये नापास झालेल्या एका परीक्षार्थीने माहितीच्या अधिकारात नेमकं हेच विचारलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०११ मध्ये तिथे निकाल लागला. त्याच्या बऱ्याचशा मागण्या मान्य झाल्या नाहीत. पण गुण बदलण्याचे काही ठरलेले निकष असतील, तर ते त्याला सांगा, असा आदेश झाला. यातला ‘असतील तर’ हा भाग लक्षात ठेवा. न्यायालय निकष उघड करायला लावू शकतं. पेपरची काठिण्यपातळी मोजून देऊ शकत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागते.

ती पद्धत अमेरिकेतल्या प्रवेशपरीक्षांमध्ये तयार झाली. तिथल्या सॅट परीक्षेने एप्रिल १९४१ च्या परीक्षार्थींचे गुण आधार मानले आणि पुढच्या परीक्षांचे गुण साखळीने त्या पट्टीशी जोडले. ही पट्टी १९९५ मध्ये बदलली. या जोडणीला इक्वेटिंग म्हणतात. त्याची एक सोपी रीत बघू. समजा मे आणि नोव्हेंबरच्या पेपरमध्ये तेच २० प्रश्न ठेवले. दोन्ही वेळच्या मुलांनी त्यांत सरासरी १२ मिळवले, म्हणजे दोन्ही गटांची तयारी साधारण सारखी. पण उरलेल्या प्रश्नांत मेच्या मुलांची सरासरी ४८ आणि नोव्हेंबरच्या मुलांची ४०. आता ठामपणे म्हणता येतं की नोव्हेंबरचा पेपर साधारण ८ गुणांनी अवघड होता. ते २० प्रश्न म्हणजे आपलं दुसरं समीकरण. त्यांना अँकर प्रश्न म्हणतात.

अमेरिकेच्या सीपीए परीक्षेचा प्रवास इथे बघण्यासारखा आहे. न्यूयॉर्क राज्याने ही परीक्षा पहिल्यांदा १८९६ मध्ये घेतली, आणि १९१७ पासून अनेक राज्यांसाठी एक समान परीक्षा सुरू झाली. कित्येक वर्षं तिच्या प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर प्रसिद्ध व्हायच्या. १९९६ मध्ये ते थांबलं आणि २००४ मध्ये परीक्षा संगणकावर गेली. आज तिथे पास व्हायला ७५ लागतात, पण हे ७५ टक्के नव्हेत. ती इक्वेटिंग करून आलेल्या पट्टीवरची एक खूण आहे.

प्रश्न गुप्त का ठेवावे लागले? अँकर प्रश्न आधीच फुटले, तर पुढच्या मुलांना ते सोपे जाणार आणि सगळी जोडणी कोसळणार. आयसीएआय प्रत्येक अटेम्प्टच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची उत्तरं स्वतः प्रसिद्ध करते. छोट्या गावात क्लासशिवाय अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी हे मोठं धन आहे. त्याची किंमत अशी की दोन अटेम्प्टमध्ये सामाईक काहीच उरत नाही. मला या इतिहासाचं सार हेच वाटतं: पेपर पूर्ण खुला ठेवायचा आणि दोन पेपरांची काटेकोर तुलनाही करायची, हे एकाच वेळी जमवणं फार कठीण आहे. दोन्ही बाजूंना न्यायच आहे, पण वेगवेगळा.

तिसरा मार्ग तुम्हाला माहीत आहेच, कारण नेट-सेटचा तुमचा अभ्यास चालू असेल. तिथे किमान गुणांची अट पार करावी लागते, पण पात्र ठरतात बसलेल्यांपैकी वरचे ६ टक्के. पेपर अवघड गेला तर तो सगळ्यांनाच अवघड जातो, कटऑफ खाली येतो. पण त्या वेळी नेमकी तयार मुलं जास्त बसली, तर तुमचं नशीब! सीएमध्ये धोका पेपरचा, नेटमध्ये सोबत बसलेल्यांचा.

मग सीएच्या दोन अटेम्प्टमध्ये खरोखर काहीच सामाईक नाही? आहे: पुन्हा बसणारी मुलं. एका अटेम्प्टला राहिलेली मुलगी पुढच्या अटेम्प्टला बसते, तेव्हा तिच्या हातून दोन्ही पेपर गेलेले असतात. प्रश्न सामाईक नसले तरी माणूस सामाईक आहे. पण मधल्या महिन्यांत ती अभ्यास करते, कधी ऑफिस सांभाळून करते, कधी खचते. म्हणजे ज्या खुंटीवर आपण दोन पेपर टांगणार, ती खुंटीच हलती आहे. तिचे गुण ८ ने वाढले, तर त्यात पेपर किती आणि तिची मेहनत किती, हे त्या गुणांवरून सांगता येत नाही. म्हणून ‘पेपर टफ होता’ हे तिचं म्हणणं आपण सिद्ध करू शकत नाही, आणि घरच्यांना ते खोटंही ठरवता येत नाही.

संशोधनाचा विषय निवडताना हे जरूर आठवा. दोन वर्षांची, दोन गावांची, दोन गटांची तुलना करायची असेल, तर प्रस्ताव लिहिण्याआधी वहीत एक ओळ लिहा: या दोन्हींत सामाईक काय आहे, आणि ते स्थिर आहे का? ती ओळ लिहिता येत नसेल, तर डेटा गोळा करायला अजून बाहेर पडू नका.