इंग्रजीचा तास आणि मराठी लेखणी

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा इतिहास सांगताना देशभक्तीचा उल्लेख हटकून होतो. तेथील इंग्रजीच्या अध्यापनाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. आम्हांस ती बाजू अधिक बोधक वाटते.

शाळा उघडली १ जानेवारी १८८० रोजी. 'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून आलेले. मराठीच्या एवढ्या कट्टर अभिमान्याने शाळेच्या नावातच इंग्रजीस स्थान द्यावे, याचे कोणास नवल वाटेल. शास्त्रीबोवांस ते वाटले नसावे. जॉन्सनवर त्यांनी मालेत आस्थेने लिहिले होते, आणि 'रासेलस'च्या मराठी भाषांतरातही त्यांचा हात होता. इंग्रजीचा द्वेष त्यांनी केला नाही. राग होता तो तिच्यापुढे मान तुकविण्याचा.

सहकारीही तसेच मिळाले. वामन शिवराम आपटे यांच्या कोशांनी इंग्रजी व संस्कृत यांची गाठ घातली. आगरकर शाळेत शिकवीत आणि १८८१ पासून 'केसरी'चे संपादनही करीत. १८८२ मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुढल्याच वर्षी त्यांचे 'विकारविलसित' निघाले. हे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूप. जो शिक्षक इंग्रजी नाटक स्वभाषेत आणण्यासाठी शब्दाशब्दाशी झगडतो, त्याला परभाषेचे सामर्थ्य आणि स्वभाषेची उणीव दोन्ही ठाऊक असतात. आज आमच्या पुष्कळ शाळांत इंग्रजीचे शिक्षक मराठी वाचीत नाहीत, आणि मराठीचे इंग्रजी. ही तक्रार आम्ही स्वतःलाही लावून घेतो.

'विकारविलसित' पाहण्यास शास्त्रीबोवा उरले नव्हते. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले.